‘काही सुचतच नाही’ म्हणणाऱ्या चित्रकार बाई

साधारण चाळिशीच्या एक चित्रकार बाई माझ्याकडे आल्या (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) आणि खुर्चीत बसण्यापूर्वीच म्हणाल्या, “आठ महिने झाले, कॅनव्हास कोराच आहे. माझी प्रतिभा आटली असेल का हो?”

कलेवर पोट असणाऱ्यांकडून हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकते. अशा वेळी आधी झोप, भूक, थकवा आणि इतर गोष्टींतील रस यांविषयी विचारून घ्यावे लागते, कारण नैराश्याची सुरुवातही अनेकदा ‘सुचत नाही’ याच शब्दांत सांगितली जाते आणि तसे असेल तर चित्रांविषयी बोलत बसण्यात उपचाराला उशीर होतो. या बाईंची झोप ठीक होती, मुलीच्या शाळेतील गमती त्या रंगवून सांगत होत्या. अडले होते ते फक्त चित्र.

त्याचे कारण त्यांनी स्वतःच शोधून ठेवले होते. हिमाचलच्या प्रवासानंतर केलेली त्यांची चित्रमालिका नावाजली गेली होती. आता सासूबाईंच्या आजारपणामुळे घर सोडता येत नव्हते, म्हणून प्रेरणा नव्हती. मला ते पटले, आणि तिथेच माझे चुकले. घराजवळच्या टेकडीवर रोज सकाळी जात जा, असे मी सुचवले. पंधरा दिवसांनी त्या मोबाइलमध्ये शंभरावर छायाचित्रे घेऊन आल्या. कागदावर रेघ एकही नव्हती. पळसाची शेंग असो वा खडकावरचे शेवाळ, प्रत्येकावर शेरा तयार होता: “हे सगळ्यांनी केलेले आहे”, “हे कोण विकत घेणार?” निसर्ग कमी पडत नव्हता, पाहणे सुरू होण्याआधीच निकाल लागत होता.

मग मी काम लहान केले. स्वयंपाकघरातील एकच वस्तू, वीस मिनिटे, पेन्सिल, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि कागद कोणालाही दाखवायचा नाही, मलासुद्धा नाही. बाई चिडल्या. “मी काय एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले आहे? वस्तुचित्र काढू?”

त्यांच्याच क्षेत्रातील दोन माणसांची मी आठवण करून दिली. कोकणातील नागाव येथे १९३६ साली जन्मलेल्या प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा रोजच्या वस्तू येतात, आणि त्यांविषयीचा विचार ते वर्षानुवर्षे डायऱ्यांत लिहून ठेवत. इटलीतील बोलोन्याचे जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) यांनी तर दशकानुदशके त्याच बाटल्या आणि तीच भांडी रंगवली. काचेची चकाकी आड येऊ नये म्हणून ते बाटल्यांना रंग फासत आणि वस्तूंवर साचलेली धूळ तशीच राहू देत. बाईंना हे ठाऊक होते. ठाऊक असणे आणि स्वतःच्या ओट्यापाशी उभे राहणे यांत मात्र अंतर असते.

पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनच दिवस काम केले. तिसऱ्या आठवड्यात, अट मोडून, वही माझ्यासमोर ठेवली. सहा पानांवर आल्याचा एकच तुकडा होता. पहिल्या पानावर तो ओळखू येत होता. चौथ्या पानावर त्याच्या सालीवरील आडव्या कड्या, मोडलेल्या बोटाचा फिकट, तंतुमय कापा आणि एका बाजूला सुकून पडलेली सुरकुती एवढेच उरले होते. “याला खाली निळसर सावली पडते,” त्या म्हणाल्या, “वीस वर्षे मी हे किसत आले आहे.” त्या तासाभरात विक्रीचा विषय एकदाच निघाला, तोही मीच काढला.

मोठा कॅनव्हास अजून कोराच आहे आणि तो केव्हा भरेल हे मी विचारत नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला: साडेचारची वेळ बदलून सकाळची देता येईल का, कारण चार ते पाच या वेळात ओट्यावर ऊन येते.