माल कधी मागवायचा, गाडी कशी भरायची?

प्रश्न : आमचा कांदा-लसूण मसाल्याचा कारखाना साताऱ्याला आहे. वाशीच्या गोदामातून रोज सरासरी 40 पेट्या जातात. माल यायला चार दिवस लागतात, म्हणून 160 पेट्या उरल्या की आम्ही मागणी देतो. तरी गोदाम अधूनमधून रिकामं पडतं. चूक कुठे होते?

उत्तर : सरासरीवर विसंबण्यात. खप 40 च्या वर गेला किंवा गाडीला एक दिवस उशीर झाला की 160 पेट्या पुरत नाहीत. मागच्या तीन महिन्यांची चलनं आणि बिल्ट्या (वाहतूकदाराच्या पावत्या) काढा. मागणी दिल्याची तारीख आणि माल मोजून गोदामात घेतल्याची तारीख यांतलं अंतर प्रत्येक खेपेचं लिहा. समजा सर्वांत वाईट खेपेला 7 दिवस लागले आणि चढत्या दिवसांत खप 60 पेट्या होता, तर 60 × 7 म्हणजे 420 पेट्या उरतानाच मागणी जायला हवी. त्यातल्या नेहमीच्या 160 सोडून उरलेल्या 260 पेट्या हा सुरक्षित साठा, म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेला माल. शिल्लक मोजताना वाटेवरचा मालही धरा, नाहीतर एकाच गरजेसाठी दोनदा मागणी जाईल.

420 हा आकडा जड वाटेल, पण तो कमी करायचा रस्ता कारखान्यातच आहे. सातारा ते वाशी हा एका रात्रीचा प्रवास. उरलेले दिवस जातात ते पॅकिंग अडल्यामुळे, गाडी न मिळाल्यामुळे किंवा हमाल नसल्याने गाडी दारात उभी राहिल्यामुळे. गाडीचा वार आधीच ठरवून टाका. 7 दिवसांचे 5 झाले तर 300 पेट्या पुरतात. पेटी 12 किलोची असेल तर जवळजवळ दीड टन मसाला गोदामात अडकून राहत नाही.

प्रश्न : 14 फुटी गाडीत किती पेट्या बसतील? खालच्या पेट्या चेपतात, त्यावर उपाय काय?

उत्तर : आधी वजन बघा. आरसी बुकातल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की पासिंग, म्हणजे किती वजनाचा माल भरता येतो ते मिळतं. ते 4 टन असेल तर 12 किलोच्या 333 पेट्या, त्यापुढे एकही नाही. जागेचा हिशेब वेगळा. हौदा (गाडीची माल भरायची जागा) 14 × 6 × 6 फूट आणि पेटी 40 × 30 × 25 सेंमी धरली तर घनफळाच्या भागाकाराने 475 येतात. प्रत्यक्षात लांबीत 10, रुंदीत 6, उंचीत 7, म्हणजे 420 बसतात. मसाल्याच्या गाडीत आधी वजन संपतं, पापड-चिवड्याच्या गाडीत जागा. म्हणून भाडं ठरवताना दोन्ही हिशेब करा.

पुठ्ठ्याच्या पेटीची ताकद तिच्या चार कोपऱ्यांत असते. विटांसारखी सांधे मोडून थप्पी लावली की वरच्या पेटीचा कोपरा खालच्या पेटीच्या मधोमध येतो आणि खालची पेटी चेपते. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ थप्पी लावा, फक्त सर्वांत वरचा थर आडवा फिरवून बांधा. पावसाळ्यात ओल लागलेला पुठ्ठा फार लवकर मऊ पडतो. ताडपत्री वर घालता, तशीच खाली हौद्यातही अंथरा. वाटेत दोन-तीन ठिकाणी माल उतरायचा असेल तर शेवटच्या ठिकाणचा माल सर्वांत आधी, केबिनच्या बाजूला भरा.

प्रश्न : गाडी वाटेत बंद पडली तर ई-वे बिलाचं (जीएसटीखाली माल नेण्यासाठी काढायच्या ऑनलाइन परवान्याचं) काय?

उत्तर : माल दुसऱ्या गाडीत घातलात तर ती गाडी हलण्यापूर्वी बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, नव्या गाडीचा क्रमांक भरा. साध्या मालासाठी दर 200 किमीला किंवा त्याच्या भागाला बिलाची एक दिवसाची मुदत मिळते. तुमच्या साधारण 250 किमीला दोन. मुदत वाढवून घ्यायची असेल तर ती संपण्याआधी 8 तास ते संपल्यानंतर 8 तास एवढीच वेळ असते. मुदत भाग ‘ब’ प्रथम भरल्यापासून सुरू होते, त्यामुळे गाडी भरून होण्याआधी क्रमांक टाकण्याची घाई करू नका.