काउंटीचा अंतिम सामना हरलेला सार्सफील्ड्स क्लब मन्स्टर प्रांताचा विजेता कसा ठरला?

आपण विचारले आहे की, आयर्लंडच्या कॉर्क काउंटीतील 2024 च्या हर्लिंग (लाकडी काठी आणि चेंडूने खेळला जाणारा आयरिश मैदानी खेळ) स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सार्सफील्ड्स इमोकिलीकडून हरला असताना, मन्स्टर प्रांताच्या क्लब स्पर्धेत कॉर्कतर्फे तोच कसा उतरला, आणि असे मिळवलेले विजेतेपद लोक खरे मानतात का. मी गेली काही वर्षे कॉर्क शहराच्या पूर्वेला, या क्लबच्या परिसरातच राहतो आणि तो हंगाम मी जवळून पाहिला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सारे उत्तर ‘क्लब’ या शब्दात आहे. हर्लिंगचा कारभार पाहणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था 1884 साली थर्ल्स येथे स्थापन झाली. तिच्या रचनेत क्लब साधारणपणे एका पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीचा असतो, आणि ज्या मैदानावर मूल पहिल्यांदा हर्ली, म्हणजे या खेळाची काठी, हातात धरते त्याच क्लबसाठी ते बहुधा आयुष्यभर खेळते. येथे कोणालाही मानधन मिळत नाही; रविवारी बचावफळीत खेळणारा तरुण सोमवारी शाळेत शिकवताना किंवा बांधकामावर काम करताना दिसतो. मोठ्या क्लबने लहान क्लबचा गुणी खेळाडू ओढून नेणे या जगात रुचत नाही. मग ज्याचा क्लब खालच्या श्रेणीत आहे, त्याने वरच्या श्रेणीत कधी खेळायचेच नाही का? कॉर्कने यावर जुना तोडगा काढलेला आहे. एखाद्या भागातील लहान क्लबांचे खेळाडू एकत्र येऊन विभागीय संघ बनवतात आणि तो संघ काउंटीच्या सर्वोच्च स्पर्धेत खेळतो. इमोकिली हा पूर्व कॉर्कचा असाच विभागीय संघ आहे.

काउंटीचा चषक असा संघ जिंकू शकतो, आणि इमोकिलीने तो 2017, 2018 व 2019 अशी सलग तीन वर्षे जिंकलाही होता. प्रांताची स्पर्धा मात्र फक्त क्लबांसाठी असल्यामुळे विभागीय संघाला तिचे दार बंद असते आणि कॉर्कची जागा क्लबकडे जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये पार्क ई कीव मैदानावर इमोकिली जिंकला तेव्हा ती जागा सार्सफील्ड्सला मिळाली. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते. पाच-दहा क्लबांतून वेचून काढलेल्या संघाने एका पॅरिशच्या पंधरा जणांसमोर प्रांतभर उभे राहणे योग्य ठरले नसते, आणि काउंटीत त्या लहान क्लबांच्या मुलांना संधी नाकारणेही योग्य ठरले नसते.

तरीही त्या पराभवानंतरचे दिवस क्लबसाठी जड होते. सार्सफील्ड्सने 2023 साली कॉर्कचे विजेतेपद मिळवले होते आणि ते राखता न आल्याची बोच स्पष्ट दिसत होती. काउंट्यांच्या स्पर्धा संपल्यावर प्रांताच्या स्पर्धेला फार वेळ मिळत नाही. नोव्हेंबरात मैदाने जड झालेली असतात, दुपारी चारनंतर उजेड मावळू लागतो आणि हरलात की हंगाम तिथेच संपतो. आमच्या शेजारच्या मुलाने त्या दिवसांत मला आपली हर्ली पाहायला दिली होती. ती अ‍ॅश लाकडाची, टोकाला रुंद आणि चपटी होती. त्या टोकाभोवती पत्र्याची पट्टी ठोकलेली होती आणि पट्टीच्या कडेला वाळलेला चिखल होता. चामड्याच्या स्लिटर चेंडूच्या उंच शिवणी तळहाताला टोचतात, आणि तो चेंडू पावसात भिजल्यावर हातात धरणे किती कठीण होत असेल हे तेव्हा मला नीट कळले.

1 डिसेंबर 2024 रोजी थर्ल्सच्या सेम्पल स्टेडियममध्ये मन्स्टरचा अंतिम सामना झाला. समोर वॉटरफर्डचा बॅलिगनर होता. या क्लबने 2021, 2022 आणि 2023 असे सलग तीन वेळा मन्स्टर जिंकले होते, जे त्यापूर्वी कोणालाही जमले नव्हते, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये अखिल आयर्लंड विजेतेपदही मिळवले होते. सार्सफील्ड्सने मन्स्टर एकदाही जिंकलेले नव्हते. निकाल 3-20 विरुद्ध 2-19 असा लागला. हे आकडे नव्या वाचकाला गोंधळात टाकतात, म्हणून सांगतो: पहिला आकडा गोलांचा आणि प्रत्येक गोल तीन गुणांचा, दुसरा आकडा गोलखांबांमधून, आडव्या दांड्यावरून मारलेल्या एकेका गुणाचा. म्हणजे 29 विरुद्ध 25. कॉर्कच्या क्लबने मन्स्टर जिंकण्याची ही 2009 मधील न्यूटाउनशँड्रम क्लबच्या विजयानंतरची पहिली वेळ होती.

पुढे 19 जानेवारी 2025 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड अंतिम सामना झाला, त्यात डब्लिनच्याच ना फिअना क्लबने 2-23 विरुद्ध 0-20 अशी सार्सफील्ड्सवर मात केली. पूर्ण सामन्यात सार्सफील्ड्सला एकही गोल करता न येणे तीन गोलांच्या त्या दुपारनंतर फार लागले.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. जन्मापासून याच पॅरिशमध्ये राहिलेल्या एका वृद्ध शेजाऱ्यांना मी हेच विचारले होते. त्यांच्या मते काउंटीचा चषक त्या वर्षी इमोकिलीचा होता आणि त्यात वाद नाही. मन्स्टरच्या चषकासाठी मात्र बॅलिगनरला हरवावे लागले, आणि ते या क्लबने मैदानात करून दाखवले. एवढे सांगून ते पुन्हा लहान मुलांच्या सरावाकडे पाहू लागले.