वानाकात बर्फ आणि ट्राउट: आधी नोकरीच्या वेळा बघा

पुणं सोडून न्यूझीलंडला वानाकात आलो तर हिवाळाभर स्कीइंग आणि उन्हाळाभर फ्लाय-फिशिंग, म्हणजे गळाला नकली माशी बांधून मासेमारी, जमेल का, असं तुम्ही विचारलंत. कॅलेंडरला विचाराल तर सहज. इथे ऋतू उलटे. तुमच्याकडे आषाढाच्या सरी, तेव्हा कार्ड्रोनाच्या डोंगरावर स्कीइंग सुरू होतं. ते आटोपत येतं तोवर १ ऑक्टोबरला बऱ्याच नद्यांवर ट्राउट माशाचा हंगाम उघडतो, आतल्या दुर्गम नद्यांचा नोव्हेंबरात.

मीही हेच गणित मांडून आलो आणि हॉटेलच्या किचनमध्ये लागलो. पर्यटकांची झुंबड नेमकी जुलैत आणि नाताळानंतर. पहिल्या वर्षीचा बर्फ मी कांदा चिरताना खिडकीतून बघितला! आता बांधकामावर सुतारकाम करतो, चारला सुटतो. डिसेंबरात साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घरी डबा टाकून थेट क्लुथा नदीवर. संध्याकाळी पाण्यावर कॅडिस माश्या उडायला लागल्या की ट्राउट वर येतात, तो तास चुकवायचा नाही. जूनमध्ये मात्र पाचलाच अंधार, म्हणून स्कीइंग शनिवार-रविवारीच. क्वीन्सटाउनजवळ कोरोनेट पीकवर काही रात्री दिव्यांच्या उजेडातही चालतं, पण त्यासाठी १,०७६ मीटर उंचीचा क्राउन रेंजचा घाट ओलांडायचा, तोही गाडीत चाकांना लावायच्या साखळ्या ठेवून. आपला ताम्हिणी त्यापुढे अंगण वाटतो.

स्कीइंग शिकायला सप्टेंबर बरा. बर्फ मऊ, ऊन असतं, गर्दीही ओसरलेली. पहिल्या वर्षी सामान भाड्यानेच घ्या.

मासेमारी शिकायला जास्त वेळ लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथलं पाणी काचेसारखं. आधी मासा डोळ्यांनी शोधायचा, त्याच्या मागून, प्रवाहाच्या उलट दिशेने चालत जायचं आणि नकली माशी त्याच्या पुढ्यात अलगद टाकायची. तुमची सावली पडली की तो गेलाच. मला पहिला ट्राउट मिळाला तो फेब्रुवारीत, रातकिड्यासारख्या किरकिरणाऱ्या सिकाडाची नक्कल बांधून. त्या दिवसांत मोठे मासेही बेसावध होतात. वायव्येचा वारा आणि पाऊस आला की मातुकितुकीसारख्या नद्या फुगतात, तेव्हा घरी बसा.

मासेमारीचा परवाना फिश अँड गेम या संस्थेचा घ्यावा लागतो. नमद्याच्या (फेल्टच्या) तळाचे बूट आणू नका, इथे बंदी आहे. २००४ मध्ये दक्षिणेकडच्या एका नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, ते ओल्या सामानातून पसरतं. त्यामुळे नदी बदलताना सगळं धुऊन कडकडीत वाळवायचं.

वहिनींना ट्राउट फार आवडतो म्हणालात. तर एक सांगून ठेवतो: इथे ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे. मासळीवाल्याकडे मिळत नाही, हॉटेलातही नाही. रवा लावून तळायचा असेल, तर तुम्हालाच पकडावा लागेल.