कुप्याला आधी बर्फ, मग फोटो

पोरा, ससून डॉकवरून पहिल्यांदाच खोल समुद्रात निघालास, म्हणून सांगतो. आम्ही पाण्याचा रंग आणि पाखरांचे थवे बघून कुपा, म्हणजे ट्यूना मासा, शोधायचो. आता हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, मासळी कुठे सापडेल त्या पट्ट्यांची माहिती मोबाईलवर येते, जीपीएस वाट दाखवतो. ते वापरच, पण पाखरांवरची नजर काढू नकोस.

खरं काम मासा वर आल्यावर. कुप्याचं अंग पाण्यापेक्षा गरम असतं, गळाशी झटापट करताना आणखी तापतं. लगेच कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ दे, आतडी-कल्ले काढ आणि पोटात बर्फ ठासून भर, हात बधिर होईस्तोवर. उन्हात राहिला तर त्यात हिस्टामीन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. माझी एक अख्खी खेप अशीच वाया गेली, अजून जीव हळहळतो.