ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुतले असं होत नाही

या वेळचे प्रश्न बहुतेक इंदूरमधल्या सिस्टरांचे आहेत. पहिला प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की सुरुवात त्याच्यापासूनच करते.

ग्लोव्ह्ज घातल्यावर वेगळे हात धुवावे लागतात का? (रामबाग)

हो. घालण्याआधी आणि काढल्यावरही. तेच ग्लोव्ह्ज घालून पुढच्या बेडकडे जाणाऱ्यांना मी काय म्हणते ते छापता येणार नाही.

हँडरब चांगलं की साबण-पाणी?

हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं हँडरब, २० ते ३० सेकंद. रक्त किंवा घाण लागली असेल, किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबांचा पेशंट असेल तर साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद. आणि सिंकपाशी दिवसभर लटकणारा तो सामायिक टॉवेल आजच काढा.

एक विक्रेता म्हणतो, दर शनिवारी फॉर्मॅलिनची धुरी दिली नाही तर ओटी (ऑपरेशन थिएटर) सुरक्षित नाही. आता तो फॉगिंग मशीन घ्या म्हणून मागे लागलाय. 'स्वच्छ इंदूरमध्ये एवढं तरी हवंच' म्हणतो. (मेट्रन, पलासिया)

शहर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून सलग कित्येक वर्षं पहिलं आलं ते कचरा वेगळा केल्यामुळे. त्यात या मशीनचा काय संबंध? फॉर्मॅलिनमध्ये असतं त्या फॉर्मॅल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच ठरवलंय. शिवाय टेबलाच्या सांध्यात वाळलेलं रक्त धुरानं निघत नाही. ते डिटर्जंट आणि फडक्यानं घासूनच निघतं, मग जंतुनाशक. हे काम दोन केसेसच्या मध्येही व्हायला हवं, फक्त शनिवारी नाही. तरी परस्पर काही बंद करू नका. तुमच्या संसर्ग नियंत्रण समितीला आणि मायक्रोबायॉलॉजिस्टला विचारा. विक्रेत्याला विचारू नका.

सुईला टोपण लावताना बोटाला टोचली. परवाची गोष्ट. पेशंटचा रिपोर्ट आला की बघू, असं ठरवलंय.

रिपोर्टची वाट कशाला बघता? एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात आणि ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत. तुम्हाला फोन करून लगेच पाठवलं, इतरांसाठी लिहिते. जागा साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका, इनचार्जला सांगा आणि त्याच ड्यूटीत कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना किंवा एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीची औषधं देतात) दाखवा. औषध घ्यायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का? शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) तपासलंय का? आणि वापरलेल्या सुईला टोपण लावायचंच नसतं. ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे.

ट्रेनिंग झालं, भिंतीवर पोस्टरही लागलं. पण मोठे डॉक्टर हात न धुता ड्रेसिंग उघडतात. बोललं तर 'तू मला शिकवणार का?' आम्ही करायचं काय? (आयसीयू सिस्टर)

ट्रेनिंग, चहा-समोसा, ग्रुप फोटो, आणि सोमवारपासून पुन्हा पहिल्यासारखं! अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १०३ आयसीयूंनी सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घालायची नळी) पाच गोष्टींची यादी लावली: हात धुणं, पूर्ण गाऊन-मास्क-ड्रेप, क्लोरहेक्सिडिननं त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतून लाइन न घालणं आणि गरज संपली की काढून टाकणं. २००६ मध्ये निकाल छापून आला. दर हजार लाइन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस) रक्तसंसर्गाचा मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. यादीत नवं असं काहीच नव्हतं, तुमच्या पोस्टरवरही तेच असेल. पण तिथे सामान एका ट्रॉलीत हाताशी होतं. आणि तातडीची वेळ नसेल तर, डॉक्टर पायरी चुकले की त्यांना थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला होता. आपल्याकडे नेमकं हेच कुणी देत नाही. पुरावा सिस्टरनं पाठ करायचा आणि अधिकार मात्र साहेबांकडे!

म्हणून मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या सहीचा लेखी आदेश मागा. तोंडी 'हो हो' चालणार नाही. हँडरबची बाटली प्रत्येक बेडला हवी. कॉरिडॉरच्या टोकाला असेल तर रात्रपाळीत वीस पेशंट सांभाळणारी मुलगी तिथवर जाणार नाही, आणि तिला आळशी म्हणणं अन्याय आहे. हात धुण्याच्या ऑडिटमध्ये डॉक्टरांचे आकडे वेगळे काढा आणि ते त्यांच्याच मीटिंगमध्ये वाचा. पगार कापायची धमकी देऊ नका, नाहीतर सगळे फॉर्म खोटे भरले जातील. पेशंटसमोर वाद नको. 'सर, आधी हँडरब,' म्हणून बाटली पुढे करा. तरीही ऐकलं नाही तर समितीकडे लिहून द्या. एकटीनं लढू नका.

वडिलांच्या हातातली सलाईनची सुई तीन दिवस बदलली नाही. निष्काळजीपणा नाही का?

नुसत्या दिवसांवरून तसं म्हणता येत नाही. जागा लाल झाली, सुजली किंवा दुखते आहे का? तसं असेल तर हे वाचणं थांबवून सिस्टरला बोलवा. नसेल तर 'अजून गरज आहे का?' एवढं राउंडला डॉक्टरांना विचारा.

नुकतंच लग्न झालंय. सासूबाई म्हणतात, हिरवा चुडा इतक्यात काढायचा नाही. ड्यूटीवर चालेल?

नाही. कोपराखाली काही नको, घड्याळसुद्धा. काढणं शक्यच नसेल तर इनचार्जशी बोलून तेवढे दिवस रेकॉर्ड रूमची ड्यूटी मागून घ्या.