सोनकी, सिनेट आणि सनातन

मुलुंडच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, भाद्रपदात सह्याद्रीच्या पठारांवर फुलणाऱ्या ‘सोनकी’चे नाव कशावरून पडले, ती नेमकी ओळखायची कशी आणि तिचे बी घरच्या कुंडीत रुजेल का. ‘सोने’ उघडच आहे, त्यावर शाई दवडत नाही. मात्र रस्त्याकडेच्या नारिंगी-पिवळ्या कॉसमॉसच्या ताटव्यात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्या आणि त्यांखाली ‘सोनकी बहरली’ असे लिहिणाऱ्या मंडळींनी या नावाचे पार वाटोळे केले आहे. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली आहेत, एवढेच काय ते नाते.

राहिला ‘की’. संस्कृत ‘स्वर्णक’वरून ‘सोनकी’ आली, असे ठासून सांगणारे विद्वान आहेत. मला ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते. ‘सोनचाफा’, ‘सोनकेळ’ यांत ‘सोन’पुढे एक नाम उभे असते, ‘सोनकी’त ते नाही. उरतो तो ढोलाची ढोलकी करणारा, वस्तू लहान आणि लाडकी करणारा प्रत्यय. गुराख्यांनी आणि नाचणी-वरई पिकवणाऱ्यांनी ठेवलेल्या प्रत्येक नावाची मुंज लावून त्याला संस्कृत गोत्र चिकटवण्याची ही हौस आता पुरे झाली.

खरी मौज तिच्या शास्त्रीय नावात आहे: सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. यातले दुसरे पद आपल्या मुंबईचे. त्याआधी तेथे ‘ग्रॅहॅमी’ असे, म्हणजे मुंबईच्या टपाल खात्यातले ते जॉन ग्रॅहॅम, ज्यांनी केलेली मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची १८३९ मध्ये छापली गेली. पहिले पद लॅटिन ‘सेनेक्स’वरून, म्हणजे म्हाताऱ्यावरून आले, कारण या प्रजातीतल्या झाडांची फुले सुकली की पांढऱ्या केसांचे झुपके मागे उरतात. त्याच ‘सेनेक्स’वरून ज्येष्ठांची सभा ती ‘सिनेट’, जी मुंबई विद्यापीठातही आहे. आणि ‘जुना’ या अर्थाचा वैदिक ‘सन’, जो आपल्या ‘सनातन’मध्ये आजही नांदतो, तो या ‘सेनेक्स’चा सख्खा भाऊ. ग्रीकांनी अशाच झाडाला ‘एरिगेरॉन’ म्हटले. त्यातला ‘गेरॉन’, म्हणजे म्हातारा, आणि जरठकुमारी विवाहातला ‘जरठ’ एकाच मुळातून निघाले आहेत. इकडे आपली पोरे वाऱ्यावर तरंगत आलेल्या केसाळ बियांना ‘म्हातारी’ म्हणतात, तीही रोमन पंडितांना न विचारता!

ओळखीची खूणही म्हातारीच. कॉसमॉसचे फळ काळपट, लांबट, टोकाशी दोन-तीन ताठ काट्यांचे असते. त्याची म्हातारी कधीच होत नाही. बी धरण्याआधी पाने पाहावीत: सोनकीची एकाआड एक आणि दातेरी कडांची, कॉसमॉसची समोरासमोर आणि खोल चिरलेली. पाकळ्या मोजत बसू नये, कारण आपण जिला पाकळी म्हणतो ती या कुळात एकेक स्वतंत्र फूलच असते.

कुंडीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून किंवा कासच्या पठारावरून काहीही उपटून आणू नये; राष्ट्रीय उद्यानापुरता तरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. ज्यांच्या गावच्या स्वतःच्या बांधावर सोनकी येते, त्यांनी दसऱ्यानंतर पिकलेल्या म्हाताऱ्या कागदी पाकिटात कोरड्या ठेवाव्यात आणि मृगाच्या पावसाबरोबर, पाणी तुंबणार नाही अशा कुंडीत, वर मातीचा जाड थर न देता पेराव्यात. बी विकत घ्यायचे झालेच, तर पाकिटावरचे नाव वाचण्याआधी आत केस आहेत का ते पाहावे.