‘स्थितीबद्दल’ आणि ‘स्थितीत’

वसईतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, आणि अलीकडे बरेचदा मोबाइलच्या पडद्यावर, एक वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की बोलणाऱ्याचा आवाज कापू लागला की ते येणार हे मला आधीच कळते: “देवाने सगळे दिले, तरी मला त्याचे आभार मानावेसे वाटत नाहीत. मी कृतघ्न आहे का?” शिक्षिका किंवा परिचारिका म्हणून आखाती देशांत गेलेल्या आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतील स्त्रिया हा प्रश्न विचारतात, तेव्हा स्वतःविरुद्धचा निकाल त्यांनी आधीच देऊन टाकलेला असतो.

त्यांपैकी एकीची हकिगत, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते. ती मस्कतमधील एका भारतीय शाळेत चौथीच्या वर्गाला गणित शिकवते. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी शाळा, त्यामुळे ती मस्कतच्या रुवी भागातील चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, जाते; लहानपणापासून अंगात भिनलेला रविवार तिला तेथे सापडतच नव्हता. तिच्या पगारातून वाडीतल्या घराचे कर्ज फिटत होते आणि त्याच घरात आईची स्मृती दर महिन्याला थोडी थोडी विरत चालली होती. एकदा व्हिडिओ कॉलवर आईने शेजारी बसलेल्या सुनेला विचारले, “ही कोणाची बाय?” त्या रात्रीही तिने वहीत नेहमीप्रमाणे देवाच्या दहा कृपा लिहिल्या, आणि वही मिटताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिचे साडेआठ वाजत तेव्हा माझे दहा वाजलेले असत. दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत ती म्हणाली, “मॅडम, मला कृतज्ञ वाटलंच पाहिजे.”

“त्यातला ‘च’ काढून वाक्य पुन्हा म्हणाल?”

ती बराच वेळ थांबली. “मला कृतज्ञ वाटावं, अशी माझी इच्छा आहे.” आणि मग हळूच, “हे सोपं आहे.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, तो अशा क्षणांमुळे. हट्टाने केलेली मागणी इच्छेत बदलली की माणसाला श्वास घेता येतो, हे मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. मात्र श्रद्धावान माणसाला एवढे पुरत नाही. त्याला देवाच्या वचनाचेही भय असते. ती म्हणाली, “पण बायबल तर आज्ञाच देतं ना?”

मी तिला थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील 5:18 हे वचन मोठ्याने वाचायला सांगितले. “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा...”

“स्थितीत की स्थितीबद्दल?”

“स्थितीत,” ती म्हणाली, आणि पडद्यावर तिचा चेहरा बदललेला मला दिसला. आई विसरत चालली आहे याबद्दल देवाचे आभार मानण्याचा प्रयत्न ती वर्षभर करत होती. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने ते मागितलेच नव्हते. मराठीतील एका प्रत्ययाने जे काम केले, ते माझ्या चार बैठकांनी झाले नसते, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या वेळी आम्ही 137 वे स्तोत्र वाचले. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे लोक वीणा झाडांना टांगून ठेवतात आणि विचारतात, परक्या देशात परमेश्वराचे गीत आम्ही कसे गावे? त्या प्रश्नाचे उत्तर स्तोत्रात नाही, तरी तो प्रश्न पवित्र शास्त्रात आहे. मी तिला सुचवले की कृपांची यादी काही दिवस बंद ठेवावी आणि रात्री देवापुढे आधी तक्रार मांडावी.

महिनाभराने तिने जे सांगितले, ते मी तिच्याच क्रमाने देते. तिची आई चौथी शिकलेली. पहाटेच्या लोकलने दादरला भाजी विकायला जाण्याआधी, रात्री मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती मुलीकडून पाढे म्हणवून घेई. मस्कतच्या वर्गात इंग्रजीतून पाढा शिकवताना तिच्या तोंडून एकाएकी आईची ती चाल आली, “तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस”, आणि केरळचा एक मुलगा हसत हसत तिच्यामागून म्हणू लागला. शुक्रवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारातूनच तिने घरी फोन लावला आणि काही न बोलता पाढा सुरू केला. “तेरा त्रिक...” पलीकडून आईचा आवाज आला, “एकोणचाळीस.” लहानपणी घोटून घेतलेले स्मृतिभ्रंशातही पुष्कळदा मागे उरते, हे मला ठाऊक होते, पण ते तिला मी सांगितलेले नव्हते.

ज्यांना हीच चिंता छळते त्यांना माझे सांगणे असे की दहा मोठ्या कृपा मोजू नयेत. दिवसातील एकच गोष्ट, तिची वेळ आणि जागा यांसह आठवावी, आणि ज्या माणसामुळे ती घडली त्याला शक्य तर बोलून दाखवावी. एखाद्या रात्री काहीच आठवले नाही, तर तेच देवाला सांगावे. घरच्या मंडळींनी “तू किती भाग्यवान” म्हणण्याआधी “तुझा दिवस कसा गेला?” असे विचारावे. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातला रस गेलेला असेल, तर ती श्रद्धेची उणीव समजू नये, मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे.

करार आणखी एक वर्ष वाढवायचा की परतायचे, हे तिने अजून ठरवलेले नाही. आई तिला नावाने ओळखत नाही. शुक्रवारचा फोन मात्र चालू आहे, आणि परवा आईनेच तिला “तेरा चोक?” असे विचारून उत्तराची वाट पाहिली.